खुनी नायक झाला ते वर्ष

केळीचा घड एकट्याने उतरवता येत नाही. एक जण घडाखाली खांदा देऊन वाकतो आणि दुसरा विळ्याने दांडा कापतो. तो दांडा वाकलेल्या माणसाच्या कानापासून चार बोटांवर असतो. त्यामुळे आमच्याकडे जोडी एकदा जमली की कोणी ती मोडायला जात नसे. माझी बायको टोमणा मारायची, की माझ्याआधी तुमचं लग्न त्या जोडीदाराशी लागलंय.

एदलाबाद तालुक्यातल्या तापीकाठच्या आमच्या गावात मी खांदा देणारा होतो आणि तो कापणारा. आठ मोसम आम्ही बरोबर काढले. घड खांद्यावर येताना मी कधी मान फिरवून पाहिलं नाही. मी तसा तापट, कोणाचंही ऐकून न घेणारा माणूस, पण त्याने 'वाक' म्हटलं की मुकाट्याने वाकायचो.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी धुळ्याहून बदली होऊन एक गुरुजी आमच्या शाळेत आले. त्यांना नाटकाचं भारी वेड. गावच्या जत्रेत तमाशाऐवजी नाटक करायचं त्यांनी मनावर घेतलं आणि स्वतःच एक लिहून काढलं. केळीच्या बागेत एक खुनी विळा घेऊन फिरतो आणि एकेकाला मारतो, असं ते होतं. नायक म्हणजे फौजदार. ते काम पाटलांच्या पुतण्याला मिळालं, कारण खाकी कपडे फक्त त्याच्याकडे होते. खुन्याचं काम माझ्या जोडीदाराला दिलं, कारण त्याला बोलायला तीनच वाक्यं होती आणि तो मुळात अबोल. पहिला मुडदा मी. नाटकातही मी खुन्याचा जोडीदारच झालो होतो, म्हणजे त्यात सोंग काढायला फारसं काही नव्हतं.

शाळेपुढच्या मांडवात गुरुजींनी खरे केळीचे खांब उभे केले होते. त्या खांबांमधून तो इतका सावकाश बाहेर आला की माझ्याच अंगावर काटा आला. बायका किंचाळल्या. शेवटी फौजदार त्याला धरणार, तेवढ्यात त्याने मांडवातून उडी मारली आणि विळा घेऊन सरळ माणसांमधून चालत विहिरीकडे निघून गेला. लोकांनी असा पळ काढला की चपलांचा ढीग मागे राहिला.

त्या दिवसापासून गाव त्याला खुनीच म्हणायला लागलं. 'खुनी आला, जागा द्या' असं म्हणत पारावर लोक सरकून बसायचे. मला म्हणायचे, "भाऊ, मान सांभाळ रे!" मी हसायचो. तोही हसायचा. तिशी उलटली तरी त्याचं लग्न झालं नव्हतं आणि आता लोकांना कारण मिळालं होतं. खुन्याला कोण पोरगी देईल?

खरं कारण फक्त मला माहीत होतं.

नाटकाच्या दोन वर्षं आधी तापीपलीकडून त्याच्यासाठी स्थळ आलं होतं. मुलीच्या बापाला मुलगा नव्हता, दोन मुलीच. जावई घरी ठेवून घेण्याचा त्यांचा विचार. आमच्याकडे असे लोक आधी मुलाच्या घरी जात नाहीत. ते बागेत येतात आणि त्याच्या जोडीदाराला गाठतात. नातेवाईक गोडच बोलणार. पण ज्याच्या मानेजवळ त्याचा विळा चालतो, तो खरं सांगेल, असा त्यांचा हिशेब. तो बाप बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या जोडीदाराचं काय ते सांगा. हात कसा आहे?"

मी बिडी विझवली. माझ्या मनात एवढंच आलं, की हा नदीपार गेला तर मी कोणाच्या विळ्याखाली वाकू? आणि मी म्हणालो, "माणूस सोन्यासारखा. पण फेफरं येतं त्याले. कधीमधी."

बाप माझ्या मानेकडे बघत राहिला. मग आल्या पावली परत गेला. 'योग दिसत नाही' असा निरोप आला. त्यानंतर तापीपलीकडून एकही स्थळ आलं नाही. मी कोणाजवळ काही बोललो नाही आणि जोडी शाबूत राहिली.

पुढच्या जत्रेच्या वेळी गावाने गुरुजींना घेरलं. फौजदार नको, खुनीच पाहिजे, तोही सगळा वेळ. गुरुजी खुलले. दुसऱ्या भागात खुनीच नायक करायचा ठरलं. पाटलांचा पुतण्या रुसून आठ दिवस शाळेकडे फिरकला नाही. मेलेला जोडीदार भूत होऊन खुन्यापुढे उभा राहतो, असा प्रसंग असल्यामुळे माझं काम मात्र टिकलं.

पहिल्या तालमीला गुरुजी म्हणाले, "लोकांना आता त्याची कीव आली पाहिजे. त्यानं जोडीदाराला का मारलं, हे कळलं पाहिजे. मी बांधाचं भांडण घातलंय."

आठ दिवसांत चार शब्द न बोलणारा माझा जोडीदार म्हणाला, "गुरुजी, बांधासाठी कोणी जोडीदाराले मारत नाही."

"मग कशासाठी मारतो?"

"असं लिहा. मुलीवाले त्याची चौकशी करायला येतात, आन् जोडीदार खोटं सांगतो. लगीन मोडतं."

गुरुजींनी मांडीवर थाप मारली. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो. अर्धा तांब्या सदऱ्यावर सांडला, आणि फेफरं येत असलंच तर ते मला येतंय असं वाटलं.

त्याला कळलं होतं का? की सुचलं म्हणून बोलला? त्याच्याकडे पाहून काही समजत नव्हतं. तालमी संध्याकाळी असायच्या आणि दिवसा कापणी. सावद्याच्या स्टेशनात केळीची वॅगन लागायची होती, त्यामुळे खाडा करणं शक्य नव्हतं. रोज सकाळी तो विळ्याला धार लावायचा आणि म्हणायचा, "वाक."

मी वाकायचो. आठ वर्षांत जे केलं नव्हतं ते करायला लागलो. तिरप्या नजरेने त्याच्या मनगटाकडे पाहायचो. दांड्याचा चीक मानेवर पडला की रक्त समजून हात लावायचो. एकदा घड येण्याआधीच मी मागे सरकलो. घड आपटला आणि सगळ्या फण्या फुटल्या. तो फण्यांकडे पाहत म्हणाला, "काहून सरकला?"

"पाय घसरला."

"जमीन तर कोरडी आहे," तो म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे गेला.

घरी जेवण जाईना. बायकोला वाटलं मला नाटकातल्या भुताचीच बाधा झाली. तिने माझ्यावरून मिरच्या उतरवून टाकल्या. मी तिलाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला नाटक सुरू झालं. तापीपलीकडचे लोकही नावेतून आले होते. त्या दिवशी गाव त्याच्याकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघत होतं. मागच्या वर्षी ज्या बायका किंचाळल्या त्याच आता पदराने डोळे पुसत होत्या. मग भुताचा प्रसंग आला. मला फक्त उभं राहायचं होतं, तोंडाला पीठ फासून. तो विळा घेऊन माझ्यासमोर आला आणि लिहिलेलं वाक्य म्हणाला, "काय सांगितलं व्हतं तू त्यायले?"

भुताने गप्प राहायचं, असं गुरुजींनी दहा वेळा बजावलं होतं. विळा माझ्या मानेपासून चार बोटांवर होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो वाट पाहत होता. मला ते सहन होईना.

"फेफरं येतं म्हणून सांगितलं," मी ओरडलो. "खोटं होतं ते! तुले कधीच काही झालं नाही. तू गेला असता म्हणून मी खोटं बोललो!"

 मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो आमच्या गावाने आजवर ऐकला नव्हता. लोक उठून उभे राहिले. शिट्ट्या वाजल्या. तापीपलीकडचेही टाळ्या पिटत होते. गुरुजी पडद्यामागून म्हणाले, "वा, काय वाक्य टाकलंस!" आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत खरं बोललो आणि एकाही माणसाने ते खरं मानलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बागेत गेलो. तो धार लावत बसला होता. मी म्हणालो, "तुले मालूम होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"तवापासूनच. त्या पोरीचा मामा बाजारात भेटला होता."

तीन वर्षं झाली होती. तीन मोसम, रोजचे शेकडो घड, आणि प्रत्येक वेळी माझी मान. मी बांधावरच बसलो. "मग बोलला काहून नाही?"

त्याने अंगठ्याने धार पाहिली. "तू सांगशील म्हणून थांबलो." मग म्हणाला, "काल टाळ्या चांगल्या पडल्या. आता तठी, नदीपार जाऊन सांग. तठी टाळ्या नाही पडणार."

मी त्याच दिवशी नाव धरली. त्या बापाच्या ओट्यावर उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. थोरली मुलगी कधीच सासरी गेली होती. बापाने मला शिव्या दिल्या, पोटभर दिल्या, आणि मी त्या घेतल्या. मग तो दमून खाली बसला आणि तीन वर्षांपूर्वीचाच प्रश्न त्याने परत विचारला, "हात कसा आहे त्याचा?"

मी सदरा मानेवरून खाली ओढून दाखवला. चिकाचे काळे डाग होते. विळ्याचा ओरखडा एकही नव्हता.

धाकटीशी त्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं आणि तो नदीपार राहायला गेला. वरातीत मीच पुढे होतो आणि मीच सगळ्यांत जास्त रडलो. पुढच्या मोसमाला मला नवा जोडीदार मिळाला, चांगला, बोलका. पहिल्या झाडापाशी तो म्हणाला, "वाका भाऊ." त्याचा हात कसा आहे ते मला अजून माहीत नव्हतं. मी घडाखाली खांदा दिला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.