त्या सोमवारी वाचलेला डोळा

सहा वर्षांपूर्वी मला आतड्यांच्या सुजेचा आजार जडला. पोटात कळा यायच्या, शौचावाटे रक्त पडायचं. भवानी पेठेत मी घरीच शाळेचे गणवेश शिवते, बायकांची सतत ये-जा असते; पण हे दुखणं मी नवऱ्याखेरीज कुणालाही सांगितलं नाही. लाजच वाटायची. औषधानं पोट शांत झालं आणि मला वाटलं, सुटले. मग गेल्या वर्षी गुडघे सुजले, नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. पोट बरं आहे, मग डॉक्टरांना याचं कशाला सांगायचं, म्हणून गप्प राहिले. शेवटी उजवा डोळा लालभडक झाला. डोळे आले असतील म्हणून दुकानातून थेंब आणून घातले. चार दिवस झाले तरी उतार नाही. सुईचं भोकही दिसेना.

इतकी वर्षं दर सोमवारी सिद्धेश्वराला जात आले होते. त्या सोमवारी मात्र भक्तीनं नव्हे, चिडून गेले. एकेक अवयव काढून घ्यायचा असेल तर माझं येणं कशाला हवंय तुला, हेच विचारायचं होतं. पण देवळाभोवतीच्या तळ्याच्या पाण्यावरचं ऊन डोळ्यात असं घुसलं की पुढं पाऊल टाकवेना. पदरानं डोळा झाकून सावलीत बसले. गुडघा दुखत होता म्हणून साडी जरा वर घेऊन पाय पसरला.

शेजारी एक साठीच्या बाई बसल्या होत्या. बोलण्यात तेलुगूची झाक होती. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या.

"डोळ्यातनं चिकट येतंय का गं?"

"नाही. नुसता ठणकतोय. उजेड सोसत नाही, अन् धूसर दिसतंय."

त्यांची नजर माझ्या नडगीवरच्या गाठींवर गेली. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पोटाचं दुखणं हाय का तुला? रक्त पडायचं?"

सख्ख्या बहिणीपासून लपवलेलं मी त्या अनोळखी बाईपुढं कबूल केलं. "हो," म्हणाले आणि रडूच फुटलं.

"माज्या लेकीला असंच झालतं. आमी बी डोळे आले म्हणून थेंब घालत बसलो. एक डोळा गेला पोरीचा. ऊठ."

"दर्शन घेते अन् निघते."

"देव कुटं जात न्हाय. आदी डोळा दाखव."

माझा दंड धरून त्यांनी मला रिक्षात बसवलं. वाटेत मी नवऱ्याला फोन केला. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "सूज डोळ्याच्या आत आहे. तुमच्या आतड्यांच्या आजारात डोळा, सांधे, कातडी, कुठंही असं होऊ शकतं. आणखी उशीर केला असता तर नजर जाण्याची भीती होती." हे ऐकून बाहेर आले, तर नवरा पोहोचला होता आणि बाई निघून गेल्या होत्या. आपली लेक घरी एकटी आहे, एवढंच त्यांनी त्याला सांगितलं होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

कित्येक आठवडे औषध चाललं. नजर परत आली. बाहुली थोडी वेडीवाकडी राहिली आहे. पोटाच्या डॉक्टरांना आता सगळं सांगते. त्यांनी औषध बदललं, गाठी विरल्या. गुडघे अजून अधूनमधून कुरकुरतात.

त्या बाईंना कुणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. एवढंच कळलं की देवाच्या पायाशी मी सगळं ठेवत होते, पण ज्याची लाज वाटायची ते मुठीत घट्ट धरून बसले होते. त्या दिवशी ती मूठ उघडली. माझा डोळा वाचला तो कुणाचा तरी गेला होता म्हणून, हे विसरता येत नाही. आता हात जोडले की आधी त्या न पाहिलेल्या मुलीसाठी मागते. माझ्यासाठी काय द्यायचं, ते त्याच्यावर सोडलं आहे.