शिडाविना दमदमा

घर सोडायची नोटीस आली आणि आमची होडी संकटात सापडली. ह्यांची निवृत्ती महिनाअखेरीस, मग दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडात नवव्या मजल्यावर. तिथे होडी कुठे ठेवणार? इथल्या गॅरेजात ती कित्येक वर्षं डोलकाठीसकट पडून होती, फक्त शीड नव्हतं. निवृत्तीनंतर दोघांनी तिच्यातून कोकण किनारा फिरायचा, हा ह्यांचा शब्द. रविवारी संध्याकाळी मात्र होडीला गिऱ्हाईक येणार होतं.

शीड का नव्हतं? कारण ते ठरवायला ह्यांनी शेजाऱ्यांची समिती नेमली होती! मला आडव्या बांबूपट्ट्यांचं चिनी शीड हवं होतं. बसल्या जागी एक दोर सोडला की हवं तेवढं खाली येतं. ह्यांच्या गुडघ्यांना बिल्कुल सोयीचं. वरच्या मजल्यावरचे ऑडिटवाले देशमुख म्हणाले, चिनी नको, उद्या कुणी विचारलं तर? शेजारचे शेखभाई दाभोळचे, त्यांना कोकणी तिरकंच हवं. हे अध्यक्ष, म्हणून ह्यांना मतच नाही.

शेवटी ठरलं, रविवारी सकाळी सोहन्याजवळच्या दमदमा तलावावर स्थळपाहणी. शिडाविना! टेम्पोत होडी, धूळ नको म्हणून तिच्यावर आमच्या बाल्कनीतली ऊन अडवायची बांबूची चिक. तुम्ही जाणार असाल तर धुकं विरल्यावरच निघा, सोहन्यात पराठे खा, आणि पावसाळ्यानंतरच जा, एरवी तलावात पाणी नसतं. होडीचं आधी विचारून ठेवा.

दमदम्याला छान वारा होता. समिती काठावर संत्री सोलत वाऱ्याच्या दिशेवर चर्चा करत बसली. माझं डोकंच फिरलं. चिक उचलली, तिला मागून जाड निळं कापड शिवलेलं होतंच, डोलकाठीला बांधली आणि ह्यांना म्हटलं, "बसा."

"अगं, समितीला विचारून..."

"बसा म्हणते ना."

होडी हलली. हळूच, पण हलली! वारा वाढला तशी मी दोर सोडून चिक अर्धी उतरवली, जागची न उठता. हे चक्क हसत होते. इतक्या वर्षांत ह्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, मला रडूच आलं.

काठावर देशमुख म्हणाले, कार्योत्तर मंजुरी घ्यावी लागेल.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. ह्यांनी दारातच सांगितलं, "विकायची नाही." कुणालाही न विचारता.

बाल्कनीतून आता ऊन थेट डोळ्यांवर येतं. येऊ दे. चिक होडीवरच आहे.