उपाशी बेटावरचा वाढदिवस

मालदीवच्या ज्या बेटावर मी गणित शिकवतो ते इतकं लहान, की जोरात शिंकलं तर चष्मा समुद्रात पडतो. सीमाभागातल्या आमच्या येळ्ळुरात दोन माणसं भेटली की आपण नेमके कुठल्या राज्यात, यावरून चहा गार होतो. इथं चारी बाजूंनी पाणीच, भांडायला शीवच न्हाय. असल्या जागी माणूस निवांत व्हायला पाहिजे. पण गेल्या वाढदिवसाला मी दिवसभर फुटाण्यासारखा तडतडत होतो.

कारण असं. आमच्या घरात ज्याचा वाढदिवस, त्याला आई ओवाळेपर्यंत तोही जेवत नाही आणि आईही जेवत नाही. मी परदेशी आल्यावर तिनं फोनवर ओवाळायची रीत काढली. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, फोन धरते आणि आई पडद्यावरच्या माझ्या तोंडाभोवती ताट फिरवते. पहिल्या वर्षी टिळा थेट काचेवर लावला. पुढं आठवडाभर आक्काला सगळं जग तांबडं दिसत होतं.

गेल्या खेपेला आदल्या दिवशी वादळ आलं आणि बेटावरचा टॉवर बंद पडला. तिकडं आईला साखरेचा आजार. उपाशी राहिली की भोवळ येते. मी धारवाडला शिकत असताना एकदा दुपारपर्यंत माझी वाट बघत बसली आणि चुलीपाशीच आडवी झाली. हट्टी तर अशी, की हिंडलग्याच्या तुरुंगाची भिंत वाकेल, पण आई न्हाय.

सातवीला अपूर्णांक शिकवताना मी अर्ध्या भाकरीत पाव भाकरी मिळवत होतो आणि मला आईचं रिकामं ताट दिसत होतं. मधल्या सुट्टीत टॉवरखाली जाऊन त्याला एक शिवी मराठीत घातली, एक कन्नडमध्ये. आमच्याकडं सरकारी काम कन्नडशिवाय हलत नाही, त्याची ही जुनी सवय.

शाळा सुटल्यावर शिक्षकांनी केक आणला. शेजारी माशाचं सारण भरलेल्या तळलेल्या गोळ्यांचा राजहंसगडाएवढा ढीग. मी म्हटलं, मला उपास आहे. ती सगळी रमजान पाळणारी माणसं. उपासाला त्यांच्याइतका मान कोण देणार? मुख्याध्यापिका बाईंनी सुरी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, पाहुणा उपाशी असताना कुणी घास घ्यायचा नाही, सूर्य बुडेपर्यंत थांबू. मी समजावलं की आमचा हा उपास सूर्यावर नसतो, आईवर असतो. त्यांना ते फार आवडलं. कळलं मात्र नाही.

सूर्य बुडाला. बाईंनी माझ्या हातात खजूर ठेवला. मी तो धरून बसलो आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले. पोटं अशी गुरगुरत होती, की बोट धक्क्याला लागली असं समजून दोघे बाहेर जाऊन बघून आले.

तेवढ्यात टॉवर जागा झाला आणि फोन वाजला. पडद्यावर आई.

"आई, जेवलीस का न्हाय?"

"सकाळीच की. फोन लागंना, मग तुझ्या मोटरसायकलीला ओवाळलं आनि जेवले."

"गाडीला?"

"व्हय. घरामागं परड्यात हाय की उभी. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. तुझ्यापरास बरी रं आप्पा, गप उभी ऱ्हायली."

छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरताना पायावरच पडला. दिवसभर मी इथं तिच्या जिवासाठी झुरत होतो, आणि तिचं तिकडं माझ्यावाचून भागलं होतं. मी म्हटलं, आता मलाही ओवाळ.

"एकदा झालं न्हवं? दोनदा ओवाळत न्हाईत. खा जा."

सगळ्यांनी विचारलं, झालं का? मी सांगितलं, आईनं ओवाळलं. ते काही खोटं नव्हतं. केक कापला, ढिगाचं पटांगण झालं. मला मात्र बसवेना. आक्काला म्हटलं, फोन जरा गाडीकडं फिरव. परड्यातल्या दिव्याच्या उजेडात ती उभी होती, टाकीवर कुंकू, सीटवर अक्षता. हात लांब करून त्यातली एक उचलावी असं वाटत राहिलं.