दादाने आखलेला डोळा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी रोह्याला, कंपनीच्या कॉलनीतल्या टेनिस कोर्टावर, एकटीच भिंतीवर चेंडू मारत होते. दादाची त्या दिवशी सुट्टी होती. "तुझा दादा गेला गो," एवढंच ती म्हणाली. हमरापूरला घरच्या गणपतीमूर्तींच्या कारखान्यात, रंगाची वाटी घेऊन मूर्तीपुढे बसला होता, तसाच कलला... महिना उलटून गेला, पण शिफ्ट सुटायची वेळ झाली की अजून मी कोर्टाच्या फाटकाकडे बघते.

सुधीरदादा माझा मामेभाऊ. हमरापूरहून कामाला रोह्याला यायचा आणि शिफ्ट संपली की मला चाळिशीत टेनिस शिकवायचा. माझी खोड एकच. चेंडू रॅकेटला लागायच्या आत मान वर. "घाई कसली? आधी आवाज ऐक, मग बघ कुठं गेला तो," असं म्हणून तो थकला. मग त्याने नाना उपकरणं बनवली. मूर्तीचा पाट ओतायच्या साच्यात प्लास्टर ओतून त्यात लांब रबर अडकवलं आणि टोकाला चेंडू बांधला. मारला की तो फिरून अंगावर यायचा. कॉलनीतले लोक हसायचे, मीही हसायचे, मान मात्र वर जायचीच.

शेवटी एका सुट्टीला मला हमरापूरला बोलावून त्याने मूर्तींच्या कारखान्यात वाशाला दोरीने एक चेंडू टांगला आणि त्यावर डोळा आखला. नुसता ठिपका काढला असता तरी चाललं असतं. पण हात पडला गणपतीचे डोळे आखणारा... काळी रेघ, कोपऱ्यात लाली, बुबुळात पांढरा कण. मूर्तीसाठी रोखायचा तसा श्वास रोखून त्याने तो पुरा केला. वहिनी दारातूनच बोलली, "डोळा उघडला का त्याची पूजा करावी लागते, पान्यात सोडावा लागतो. ह्याचं काय करनार तुम्ही?"

"हा टेनिस शिकवनार," दादा हसत म्हणाला. मी फटका मारला. चेंडू गरगरला, झुलला आणि थांबला तो माझ्याकडे बघत. दोरीला पीळ असेल, असं मी मनाशी म्हटलं.

दादा गेल्यावर तो चेंडू मला हवा होता. त्याच्या हातचं माझ्यासाठी रंगवलेलं दुसरं होतं काय? वहिनीला मात्र तो पाण्यात सोडायचा होता. "कुठं बी बसा, माझ्याकडंच बघतो. रंगवनाऱ्या पोरी आत यायला तयार नाय." मी भांडले, रडले, म्हटलं वेड्यासारखं करू नकोस. मग आत गेले. रांगेने पांढऱ्या मूर्ती, एकीचेही डोळे आखलेले नाहीत, आणि त्यांच्या मधोमध तो एकच उघडा डोळा. पंखा बंद होता. चेंडू सावकाश फिरला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. मी वाशाची दोरी सोडवली.

ओहोटी लागल्यावर आम्ही दोघी खाडीवर गेलो. वहिनीने हळदकुंकू वाहिलं, मी चेंडू पाण्यात सोडला. टेनिसचा चेंडू बुडत नाही, हे आम्हा दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. डोळा वर करून तो तरंगत लांब गेला, दिसेनासा झाला. वहिनी तिथेच बसून राहिली, तिला एकटं सोडून मला निघवेना. काही तासांनी पाणी फिरलं, भरती चढू लागली... आणि तो परत आला, आमच्याच पायांशी. रंग जरासुद्धा उतरला नव्हता. वहिनीने पदराने तो पुसला आणि माझ्या हातात दिला. "ने गो तू. त्याचं काम ऱ्हायलंय तुझ्याकडं."

आता तो रोह्याला माझ्या गॅलरीत टांगलेला आहे. रोज सकाळी मी त्याच्यासमोर उभी राहते, फटका मारते, आवाज ऐकते. मान वर जात नाही. दादाला किती आनंद झाला असता... खरं सांगायचं तर त्या डोळ्यावरून नजर काढायचा मला धीरच होत नाही.