चरकीवर बसलेलीला हाक

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या उजव्या हाताची पट्टी सोडली आणि म्हणाले, "गँग्रीन." म्हणजे जिवंत माणसाचं मांस सडणं. "हे बोट काढावं लागेल. थांबलात तर पंजा जाईल."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लगेच बोलल्या, "लक्षच नसते जी तिचं कामात."

मी चारचौघांत बोलत नाही. तिथंही बोलले नाही. म्हणून चरकीवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या हातयंत्रावर, बसणाऱ्या बायांसाठी इथं लिहिते.

कापसाला चांगला भाव आल्यापासून आमची चरकी उजाडताच सुरू होते. नणंद दांडा फिरवते, मी दोन लाटांच्या, म्हणजे फिरत्या रुळांच्या, फटीत कापूस सारते. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. हात बसला की मला त्या फटीशिवाय काही दिसत नाही. त्या दिवशी तशीच बसले होते. आत्याबाईंनी चौथ्यांदा हाक मारली, "काहून वो, बहिरी झालीस?" मी मान वळवली आणि बोट आत गेलं.

माझे यजमान पैलवान आहेत. अकोल्याला कुस्त्यांच्या दंगलीला जायच्या दिवशी त्यांना कोणी टोकायचं नाही, असा घरचा नेम. लेकरू रडलं तर मागच्या दारी नेतात. त्यांचं चित्त ढळायला नको. माझं कोणीही ढळवावं, आणि वर मलाच म्हणावं की लक्ष नव्हतं.

हळद-चुना बांधून सहा दिवस घालवले. सातव्या दिवशी बोट काळं पडलं, तेव्हा बैलगाडी जुंपली. दवाखान्याच्या ओसरीत दुपारपर्यंत बसलो. मग क्लोरोफॉर्म दिलं, म्हणजे हुंगवून झोपवायचं औषध. डॉक्टर म्हणाले, "बाई, फक्त श्वास मोजा." बारापर्यंत मोजले. मधे कोणी बोललं नाही.

पंजा वाचला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

दोन महिन्यांनी अंगठा आणि मधल्या बोटानं कापूस सारायला बसले. बसण्याआधी खाली पाहूनच म्हणाले, "चरकी चालू असली की मले कोणी हाक मारू नका."

यजमान हसले. "तू काय कुस्ती लढून राहिलीस?"

"तुमी हारले तं पाठीले माती लागते," मी म्हणाले. "माही तं बोटं जातात."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नणंदेचा दांडा थांबेपर्यंत उभ्याच होत्या, मग विचारलं, "डाळ किती टाकू?"

एवढं कळायला त्यांना माझं एक बोट लागलं.