गढीची पांढरी माती

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. जुन्या वास्तूंच्या सरकारी खात्यात मी मोजणीचं काम करायचो. बोरी गावाच्या पलीकडं एका टेकडीवर गढी होती म्हणे. ती खरंच जुनी असेल तर जपायची, नाहीतर यादीतून काढायची, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. धापा टाकत वर गेलो, तर भिंत नाही, बुरूज नाही, नुसता बांगडीसारखा गोल उंचवटा, मधे खोलगट. माझं डोकंच फिरलं. 'नैसर्गिक उंचवटा' असं वहीत खरडून मी मोकळा झालो.

उंचवट्याच्या आत एक म्हातारा शेतकरी बैलगाडीत पांढरी माती भरत होता. ही माती म्हणजे गावाचं फुकटचं खत, आणि त्याच्या बरड रानाला दुसरा आधार नव्हता. मी काय लिहिलं ते त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"न्हाई सायब, तट हाय त्यो. आतली माती पांढरी, राखेची. मान्सं राह्यल्याबिगर तसली माती व्हत न्हाई. अन् कडंला बघा, तांबडा मुरूम. ह्या टेकडीवर तसला मुरूम कुठंच न्हाई. खालच्या वढ्यातून आणलाय कुणीतरी."

त्यानं कुदळीनं कड तासून दाखवली. मुरमाचा थर, दगडांचा थर, पुन्हा मुरूम. माझी सगळी ऐट उतरली.

"मामा, तट ठरला तर इथली माती नेता येणार नाही. कळतंय ना?"

त्यानं कुदळ खाली ठेवली. "कळायलंय की. पर एवढा मुरूम ज्यायनं डोक्यावर वाह्यला, त्यायला तुमी एका रेघंत पुसायलाव."

मी वहीतला शब्द खोडला. एवढा सरळ माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी तिथं माती नेण्यास मनाई असल्याची पाटी लागली. पाहणीला गेलो, तेव्हा म्हातारा पाटीजवळ बैल चारत होता. खाली त्याची ज्वारी गुडघ्याएवढी, पिवळी पडलेली. मला फार वाईट वाटलं. साहेबांना दाखवायला म्हणून मी पिशवीत थोडी पांढरी माती भरून घेतली आणि निघालो.

"सायब, पिशवी रिकामी करा."

"अहो मामा, कचेरीत दाखवायला नेतोय. मूठभर तर आहे."

"पाटी वाचून घेतलीया म्या. मूठभर चालंल असं लिवल्यालं न्हाई तिच्यावर. माझी गाडी थांबली, तुमची पिशवी बी थांबंल."

भर उन्हात, माझ्याच अहवालामुळं लागलेल्या पाटीखाली, मी पिशवी उपडी केली.