पहिली निवड

आखाती देशातल्या शराफिया वस्तीतल्या त्या न्हाव्याचे नाव मी कधी विचारले नाही. रत्नागिरीकडच्या या गृहस्थाचा जीव अमेरिकेतल्या एका सतत हरणाऱ्या व्यावसायिक बास्केटबॉल संघात गुंतला होता. तिथे दुबळ्या संघांना नवे खेळाडू आधी निवडता येतात. यंदा पहिली निवड त्याच्या संघाची होती. मागच्या वेळची मात्र फुकट गेली होती. पहाटे झालेली निवड तो निकाल न ऐकता सकाळी, माझी दाढी करता करता, दुकानातल्या टीव्हीवर पाहत होता.

“चाचा, निकाल सांगू?” बाकावरच्या गिऱ्हाइकाने डिवचले.

“सांगून बघ, अर्धीच दाढी करीन!”

त्याला बास्केट मारणाऱ्यापेक्षा पास देणारा पोरगा हवा होता. त्या पोराचेच नाव पुकारले गेले. माझ्या गळ्याशी थबकलेला वस्तरा दूर झाला.

“हुश्श! आता हरलो तरी शिकत हरू, मास्तर,” तो मला म्हणाला.

मीही रोखलेला श्वास सोडला.